गणेशला कोणी विचारलं?



संयोजकांनी 'इंटरनेटच्या प्रश्नांवर लोकांची मतं' हा विषय दिला तेव्हा आम्हाला संकोच वाटला. अशा विषयावर एखादा संगणकातला जाणकार बोलवावा. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि प्रमाणशास्त्र शिकवलं. आम्हाला मोबाईलचे सेटिंग बदलायचे तर नातवाला हाक मारावी लागते. पण विषयात 'मत' हा शब्द होता. मत म्हणजे काय, ते कशावर उभं राहतं, हा आमच्या शास्त्रातला जुनाच प्रश्न. त्या शब्दाचं बोट धरून आज इथे आलो आहोत.

आपण एका लेखापासून सुरुवात करू. २८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त फेसबुकचे मार्क झकरबर्ग यांचा लेख छापून आला. 'फ्री बेसिक्स' ही त्यांची योजना भारतात राहावी यासाठी तो होता. त्या दिवसांत या योजनेच्या पानभर जाहिरातीही वर्तमानपत्रांतून येत होत्या. या लेखात महाराष्ट्रातला एक शेतकरी भेटतो. त्याचं नाव गणेश. तो फुकटच्या इंटरनेटवर पावसाचा अंदाज पाहतो, बाजारभाव पाहतो, चांगला सौदा करतो आणि आता नव्या पिकांत आणि जनावरांत पैसा घालतो आहे. शेवटी लेखक विचारतात की गणेशला आपली शेती नीट करता आली तर त्यात इंटरनेटचं काय नुकसान?

जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीचा प्रमुख आपल्याकडच्या शेतकऱ्याचं नाव घेतो, याचं पहिल्या वाचनात आम्हालाही बरं वाटलं. दुसऱ्या वाचनात थोडं खटकलं. का खटकलं ते सांगण्याआधी मूळ भांडण काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण दहा वर्षांत पुष्कळांच्या लक्षात ते राहिलेलं नसेल.

फ्री बेसिक्सचं आधीचं नाव 'इंटरनेट डॉट ऑर्ग'. रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर फेब्रुवारी २०१५ मध्ये ती योजना आपल्याकडे आली. ठराविक, निवडलेल्या वेबसाइट फुकट पाहायच्या. बाकीच्या पाहायच्या तर पैसे भरायचे. विरोध करणारे म्हणत होते की इंटरनेट पुरवणाऱ्याने सगळ्या वेबसाइटना सारखं वागवलं पाहिजे. यालाच 'नेट न्यूट्रॅलिटी' म्हणतात.

धुळ्याकडच्या श्रोत्यांना हे समजायला अवघड नाही. पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे आहेत. तीन-चार शतकांची ही व्यवस्था. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटावर पाटकरी असतो, आणि कुठल्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे लाभधारक मिळून ठरवतात. पाटकरी ठरलेल्या पाळीने पाणी देतो. समजा उद्या एखादी बियाणं कंपनी त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "आमचं बियाणं ज्याने पेरलं त्याला पाणी फुकट दे, पैसे आम्ही भरतो", तर? शेतकऱ्याला वाटेल, बरं झालं, पाणीपट्टी वाचली. चार वर्षांनी त्या शिवारात दुसरं बियाणं दिसणार नाही. कुठलंही बियाणं बंद करा असं कोणी म्हटलेलं नसेल, तरी ते घडेल. विरोधकांचं म्हणणं साधारण एवढंच होतं.

पण फडाच्या बाहेर कोरडवाहू जमीनही असते, जिच्यापर्यंत पाट पोचतच नाही. तिथला माणूस म्हणेल, "तुमची समान पाळी तुमच्यापाशी ठेवा, मला घोटभर तरी मिळू द्या." फ्री बेसिक्सच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा होता आणि तो आम्हाला आजही हलका वाटत नाही. ज्याला आपण पूर्वपक्ष म्हणतो तो असा त्याच्या पूर्ण बळासह मांडावा लागतो, मग त्याला उत्तर द्यायचं.

आता गणेशकडे वळू. लेखात गणेशला आडनाव नाही. त्याचं गाव, तालुका, जिल्हा नाही. पीक कोणतं ते नाही. शेतकऱ्याची ओळख ज्यातून होते ते सगळं गाळलेलं आहे. खानदेशात कोणी म्हणालं, "एक शेतकरी भेटला", तर आपला पहिला प्रश्न असतो, "कुठला? कापसाचा की केळीचा? बागायत आहे का?" इथे उत्तर नाही. आणि मुख्य म्हणजे गणेश लेखात एकदाही स्वतः बोलत नाही. तो पाहतो, करतो, पैसा घालतो. या योजनेबद्दल त्याला काय वाटतं याचं त्याच्या तोंडचं एक वाक्यसुद्धा नाही. ज्याच्यासाठी सगळं चाललं आहे तो साक्षीदार म्हणून उभा केला आहे, पण त्याची साक्ष घेतलेली नाही.

शेवटचा प्रश्नही पाहा. गणेशच्या शेतीने इंटरनेटचं नुकसान होतं, असं विरोधकांपैकी कोणी म्हटलंच नव्हतं. न्यायशास्त्रात याला 'छल' म्हणतात. नवकंबलाचं उदाहरण विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी द्यायचो. एकजण म्हणतो, हा माणूस नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेतो आणि विचारतो, "याच्याकडे नऊ घोंगड्या कुठून आल्या? एकच तर दिसते." समोरचा जे बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालायचं आणि तेच खोडून काढायचं. विरोधक विचारत होते की गणेशने हवामानाची कोणती वेबसाइट पाहावी हे कोण ठरवणार. लेखाने उत्तर दिलं ते गणेशने हवामान पाहू नये का, या प्रश्नाला.

इथवर आपण दुसऱ्याच्या लेखाची चिरफाड केली. ती सोपी असते. आता आमच्या बाजूकडे येतो, म्हणजे आम्ही ज्या बाजूला होतो तिच्याकडे.

ही गोष्ट या लेखाच्या आठ-नऊ महिने आधीची. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक कागद प्रसिद्ध केला. ११८ पानं आणि शेवटी २० प्रश्न. इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांवर नियमन हवं का, असा विषय. लोकांनी २४ एप्रिलपर्यंत मतं कळवायची होती. एरवी अशा कागदांना कंपन्या, वकील आणि मोजकी मंडळी उत्तरं देतात. या वेळी तरुण मुलांनी एक मोहीम उघडली. २० प्रश्नांची उत्तरं तयार करून वेबसाइटवर ठेवली. आपण फक्त नाव घालायचं आणि पाठवायचं. दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले. सरकारी कागदाला एवढी उत्तरं आलेली आपण पूर्वी पाहिली नव्हती.

त्या दहा लाखांत एक आमचं होतं. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने दुवा पाठवला आणि लिहिलं, "सर, फार महत्त्वाचं आहे, एक मिनिट लागेल." एक मिनिटही लागलं नाही. मजकूर इंग्रजीत होता, लांबलचक होता. पहिल्या दोन-तीन ओळी वाचल्या, दिशा पटली, बटण दाबलं. प्रमाणाशिवाय प्रतिज्ञा करू नये हे तीस वर्षं फळ्यावर लिहिणारे आम्ही! त्या रात्री वीस प्रश्नांपैकी तीन प्रश्न कोणते ते सांगा असं कोणी विचारलं असतं, तर आम्हाला सांगता आलं नसतं.

आपल्याकडे खरेदीखताच्या किंवा गहाणखताच्या शेवटी एक वाक्य असतं. दस्त वाचून दाखवला, समजला, मान्य आहे, म्हणून सही किंवा अंगठा. सावकारीच्या काळात वाक्य कागदावर असायचं, वाचून मात्र कोणी दाखवलेलं नसायचं. कोऱ्या कागदावरही अंगठे घेतले जात. अंगठा द्यावा लागणाऱ्या त्या माणसाची आपल्याला कीव येते. त्याला अक्षर येत नव्हतं, गरज होती, नड होती. आमच्यावर कसली नड होती? अक्षर येत होतं, वेळ होता, निवृत्तिवेतन चालू होतं. तरी अंगठाच दिला. फरक इतकाच की तो शाईचा होता आणि हा काचेवरचा.

डिसेंबरात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने झाली. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने दुसरा, छोटा कागद काढला. त्यात चारच प्रश्न होते. वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत का? द्यायचे तर पारदर्शकता, स्पर्धा आणि परवडणारे दर कसे सांभाळावेत? लोकांना फुकट इंटरनेट देण्याचे याखेरीज दुसरे मार्ग आहेत का? आणि आणखी काही सुचवायचं आहे का? प्रश्न सरळ होते. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांपुढे एक तयार पत्र ठेवलं. बटण दाबलं की ते ट्रायकडे जायचं. लाखोंच्या संख्येने ती पत्रं गेली. पत्राचा आशय असा, की मी फ्री बेसिक्सच्या बाजूने आहे. पण फ्री बेसिक्स हवं का, असं ट्रायने विचारलंच नव्हतं.

मग ट्रायने एक गोष्ट केली, जी आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची आहे. त्यांनी फेसबुकला कळवलं की या पत्रांनी आमच्या चार प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. लोकांना त्या प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगा. पुढे जानेवारी २०१६ मध्ये तर त्यांनी फेसबुकला खरमरीत शब्दांत लिहिलं की विचारविनिमयाचं रूपांतर तुम्ही शिरगणतीच्या कौलात करता आहात. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय आला. मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई झाली. मोडलं तर दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या सेवांना सूट. काही दिवसांत फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स मागे घेतलं.

आमच्या बाजूच्या लोकांनी पेढे वाटले. आम्हीही एक खाल्ला. पण ट्रायच्या त्या आदेशाला जोडलेलं स्पष्टीकरण वाचा. त्यात आधी वेगळ्या दरांच्या बाजूचे मुद्दे मांडले आहेत, मग विरोधातले, मग निर्णयाची कारणं. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धांत. सरकारी इंग्रजीत असला तरी बांधा आपल्या ओळखीचा आहे. संख्याच मोजायची असती, तर एवढी पानं लिहिण्याचं कारण नव्हतं. म्हणजे आपण पेढे वाटले ते आपल्या दहा लाख बटणांच्या नावाने, आणि निर्णयाचं लेखन झालं कारणांवर.

इथे कोणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की ती दहा लाख पत्रं गेली नसती तर त्या कारणांकडे कोणी पाहिलं असतं का? बरोबर आहे. मोर्चाला मोर्चाचं काम असतं. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जातात तेव्हा तिथे अर्थशास्त्राची चर्चा होत नाही, आणि व्हावी अशी अपेक्षाही नसते. मोर्चा म्हणतो, इकडे लक्ष द्या. त्या एप्रिलमध्ये लक्ष वेधलं गेलं हे मोठं काम झालं. आमची तक्रार वेगळी आहे. मोर्चात गेलेला माणूस घरी येऊन 'मी आज मोर्चाला गेलो' असं सांगतो. आम्ही सांगत फिरलो की 'आम्ही ट्रायला आमचं मत कळवलं'. ते आमचं मत नव्हतं. ते चांगल्या, हुशार, प्रामाणिक मुलांचं मत होतं, आणि आम्ही त्याला अंगठा दिला होता.

मत स्वतःचं असण्याचा एवढा आग्रह कशासाठी? मजकूर बरोबर असेल तर कोणाचा का असेना? आम्हालाही हा प्रश्न पडला होता. उत्तर आम्हाला पुस्तकात सापडलं नाही, यावल तालुक्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे सापडलं.

डिसेंबरातला चार प्रश्नांचा कागद आम्ही वाचायचं ठरवलं. एप्रिलची लाज होतीच. वाचायला आणि उत्तर लिहायला नऊ दिवस लागले. तिसऱ्या प्रश्नापाशी, म्हणजे फुकट इंटरनेटच्या दुसऱ्या मार्गांपाशी, अडलो. शेतकऱ्याला इंटरनेट कशाला हवं असतं हे आम्हाला कुठे माहीत होतं? आम्ही त्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्याची केळी आहे. त्याला गणेशची गोष्ट वाचून दाखवली. तो हसला. म्हणाला, "सर, भाव पाहायला नेट कशाला? केळीचा भाव रोज जाहीर होतो, पेपरात येतो, गावात सगळ्यांना ठाऊक असतो. व्यापारी त्या भावाने माल घेत नाही, हे दुखणं आहे. कमी भावाने कापतो. माल पिकून गेला की आपल्या हातात काही राहत नाही. भाव मला फुकटात दाखवून काय उपयोग? त्या भावाने घ्यायला कोण लावणार?" थोडं थांबून म्हणाला, "पण नेट पाहिजे मला. रोगाचा फोटो काढून पाठवायला पाहिजे. चार गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून गाडी भरायची तर बोलायला पाहिजे. ते त्या फुकटात आहे का?"

हे वाक्य दोन्हीकडच्या तयार पत्रांत नव्हतं. असू शकलंच नसतं. ते लिहिणारे लोक हुशार होते, पण यावलला केळीच्या बागेत उभे नव्हते. लोकांना मत विचारायचं ते याचसाठी. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला कायदा माहीत असतो, तंत्र माहीत असतं. त्याला हे माहीत नसतं. तयार मजकुराची लाख पत्रं म्हणजे एकच पत्र लाखदा. त्यात भर पडते संख्येची, माहितीची पडत नाही. त्या विद्यार्थ्याचा मुद्दा आम्ही उत्तरात घातला. आणि हेही लिहिलं की कोरडवाहूला घोटभर पाणी हा मुद्दा आम्ही एप्रिलमध्ये ऐकूनच घेतला नव्हता. म्हणून दर वेगळे नकोत असं आम्ही म्हणतो तेव्हा ज्याला काहीच परवडत नाही त्याला थोडा डेटा मोकळा द्यावा, कुठे वापरायचा ते त्याचं तो ठरवील. दीड पान झालं. त्याने निर्णयात काय फरक पडला? बहुधा काही नाही. पण दस्त वाचून पाहिला, समजला, मान्य आहे, असं त्या दीड पानाखाली आम्ही लिहू शकलो असतो.

पुढे जे झालं ते दोन्ही पक्षांच्या हिशेबात नव्हतं. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं. सुरुवातीचे महिने सगळं फुकट, नंतरही दर कोसळलेले. ज्या गणेशसाठी एवढं रामायण झालं त्याच्या हातात दोन वर्षांत अख्खं इंटरनेट आलं, निवडक नव्हे. (आणि एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवले. ते आपण नोंदवून ठेवू आणि पुढे जाऊ.) आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला. पाट सगळ्यांच्या शेतात गेला.

मग १ जुलै २०१८ आला. तो दिवस इथे बसलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा रविवार. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षेकरी, भटके लोक. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या आधी कितीतरी दिवस मोबाईलवर फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेलं आणि मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या कचेरीत! जिथे माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, त्याच जागेत.

आयतं पत्र आणि राईनपाडा यांना आम्ही एका पारड्यात घालत नाही. एकात दिल्लीच्या अधिकाऱ्याची मेलपेटी भरली, दुसऱ्यात पाच घरांतले माणसं गेली. पण दोन्हींच्या मुळाशी अंगठ्याची सवय एकच आहे. दुसऱ्याचं वाक्य येतं, दिशा पटते, आपण पुढे ढकलतो. कोणाचं वाक्य, त्याला कसं कळलं, हे विचारायचं राहून जातं. त्या वर्षी देशभर मुलं पळवण्याची एक चित्रफीत फिरत होती. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. शेवटचा खुलाशाचा भाग कापून टाकला होता. पाहणाऱ्याला काय दिसलं? मोटारसायकलवरून मूल उचललं जातं. डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण झालं असं त्याला वाटलं. ते प्रत्यक्ष नव्हतं. ते शब्दप्रमाण होतं, आणि सांगणारा कोण ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आपल्या नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून ज्ञान होतं, हे त्यांना मान्य होतं. सगळं आपणच पाहायचं म्हटलं तर जगणं अशक्य आहे. पण अट घातली. सांगणारा 'आप्त' हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, आणि ग्रुपमधला ओळखीचाही नव्हे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि ती जशीच्या तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने तर पुढे स्पष्ट केलं की हे लक्षण ऋषीला लागू आहे, आर्याला आणि म्लेच्छालाही. म्हणजे जात, पदवी, प्रतिष्ठा बाजूला. त्या व्याख्येने केळीच्या भावाबाबत आमचा विद्यार्थी आप्त आहे आणि आम्ही, पीएच.डी. असून, नाही. आणि फॉरवर्ड पाठवणारा आपला मेव्हणा, कितीही जवळचा असला तरी, त्या बाबतीत आप्त नाही. त्याने पाहिलेलं नसतं, त्याच्याकडे आलेलं असतं.

राईनपाड्यानंतर सरकारने व्हॉट्सॲपला पत्र लिहिलं. त्याच जुलैमध्ये संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण यायला लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली गेली. उपाय चांगला आहे, तो हवाच होता. पण तो पुन्हा संख्येचा उपाय आहे. पाच जणांना पाठवण्याआधी एकदा विचारावं, हे कोणतीही कंपनी आपल्या वतीने करू शकत नाही.

आता एक आक्षेप, जो आम्हाला नेहमी घेतला जातो. "सर, तुमचं ठीक आहे. माणसाने कापूस वेचायचा, मुलं शाळेत पोचवायची, की ११८ पानं वाचायची?" आक्षेप खरा आहे. आणि त्यात आणखी एक अन्याय दडलेला आहे. ती ११८ पानं इंग्रजीत होती. ज्याच्या नावाने चर्चा चालली होती त्या गणेशला प्रश्नच वाचता आला नसता. अमळनेरकडच्या शेतकऱ्याला तुम्ही म्हणालात की सरकारने इंटरनेटवर तुझं मत मागवलं आहे, तर तो म्हणेल, "माले कोन इचारस?" आणि त्याचं खरं आहे. त्याला कळेल अशा भाषेत त्याला कोणी विचारलेलं नाही.

तेव्हा ही जबाबदारी आमच्यासारख्यांकडे येते. निवृत्त शिक्षक, वकील, वाचनालयं, अशा व्याख्यानमाला. कागद आला की त्यातले चार प्रश्न मराठीत आणायचे, अहिराणीत सांगायचे, आणि उत्तर आपण द्यायचं नाही. विचारायचं आणि लिहून घ्यायचं. १९१६ साली प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, कापसाच्या गिरणीच्या गावात. वेदान्ताची चर्चा गिरणीच्या गावात होऊ शकते, तर डेटाच्या दराची का होऊ नये?

आणि विचारणाऱ्यानेही विचारल्यासारखं विचारावं. २०१५ मध्ये ट्रायने आलेली सगळी पत्रं लोकांच्या ई-मेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकली. ते चुकलंच. जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा उलट टोक गाठलं. आलेली मतं कोणालाही उघड केली जाणार नाहीत असं सांगितलं गेलं. हेतू कदाचित असा असेल की लोकांनी मोकळेपणी लिहावं. पण मग पूर्वपक्ष कोणता होता आणि त्याला काय उत्तर दिलं, हे आपल्याला कळणार कसं? पत्ता झाका आणि मुद्दा उघडा ठेवा, एवढं साधं आहे हे.

श्रोत्यांना आमची विनंती छोटी आहे. पुढच्या वेळी कुठल्याही बाजूने आयतं पत्र आलं, अगदी आमच्या बाजूचं असलं तरी, त्यातला एक परिच्छेद खोडा आणि तिथे आपल्याला स्वतःला ठाऊक असलेली एक गोष्ट लिहा. दुकानदाराने दुकानातली लिहावी, आशाताईंनी त्यांच्या नोंदवहीतली, शेतकऱ्याने शेतातली. मराठीत लिहा. व्याकरण चुकलं तरी चालेल. लिहायला काही सुचलं नाही, तर आपल्याला या विषयात अजून मत नाही असं समजा. त्यात कमीपणा काही नाही.

आम्हाला अजून त्या गणेशला भेटायची इच्छा आहे. असेल कुठेतरी. कदाचित त्याला फ्री बेसिक्स खरंच उपयोगी पडलं असेल, आणि आम्ही त्याच्या हातचं काढून घ्यायला मदत केली असेल. तो तसं म्हणाला, तर आम्हाला ते ऐकून घ्यावं लागेल आणि आमचं दीड पान पुन्हा लिहावं लागेल. त्याला विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

आमचं बोलणं इथे संपवतो. मागच्या रांगेत दोन-तीन हात मघापासून वर आहेत. आधी त्यांचं ऐकू.